कँडिडा ऑरिस की कँडिडोझायमा ऑरिस? नामांतराची पार्श्वभूमी

कँडिडा ऑरिसची रीतसर नोंद २००९ मध्ये झाली. टोकियोतील एका सत्तर वर्षांच्या महिलेच्या कानातून घेतलेल्या नमुन्यात हे यीस्ट (एकपेशीय बुरशी) सापडले होते. दोन वर्षांनी दक्षिण कोरियातील प्रयोगशाळांनी जुने साठवलेले नमुने पुन्हा तपासले, तेव्हा १९९६ मधील रक्ताच्या एका नमुन्यातही तेच निघाले. थोडक्यात, नाव मिळण्याच्या किती तरी आधीपासून ते रुग्णालयात वावरत होते. भारतातही तसेच. दिल्लीतील रुग्णांवरचा अहवाल २०१३ चा, पण देशातील २७ अतिदक्षता विभागांच्या २०११-१२ मधील पाहणीचे नमुने नंतर तपासले, तेव्हा रक्तातील कँडिडा संसर्गांपैकी पाच टक्क्यांहून अधिक ऑरिसचे ठरले.

तोवर अहवालात लिहून यायचे ‘कँडिडा हिमुलोनिआय’. ते मुळात बहामाजवळच्या माशाच्या आतड्यातून मिळालेले, १९६२ मध्ये नोंदवलेले यीस्ट. ओळख पटवणारी स्वयंचलित यंत्रे साखरा आणि विकरांच्या चाचण्यांचा नमुना आपल्या माहितीसाठ्याशी ताडून पाहतात. साठ्यात ऑरिसच नव्हते, म्हणून यंत्राने सर्वांत जवळचा शेजारी सांगितला. काही चाचणी-संचांनी तर त्याला ऱ्होडोटोरुला हे गुलाबी वसाहती करणारे यीस्ट ठरवले, वसाहतीला गुलाबी रंग नसतानाही. ४२ अंश सेल्सिअसला ऑरिस वाढते, हिमुलोनिआय सहसा वाढत नाही. एवढी साधी चाचणीही संशय घ्यायला पुरली असती. पुढे डीएनए अनुक्रम आणि माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वस्तुमानावरून जंतू ओळखणारे तंत्र) यांनी हा घोळ बराचसा मिटवला. २०१६ मध्ये अमेरिकेतून रुग्णालयांना इशारा गेला. त्याच सुमारास जनुकीय अभ्यासात चार स्वतंत्र वंशावळी दिसल्या: दक्षिण आशियाई, पूर्व आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण अमेरिकी. पाचवी नंतर इराणमध्ये मिळाली. २०२१ मध्ये अंदमानच्या किनाऱ्यावरील वाळूतून आणि खारजमिनीतूनही ऑरिस वेगळे काढले गेले.

ओळखीचा प्रश्न असा मार्गी लागत असताना नावाचा वाद तापला.

‘कँडिडा’ हे वंशनाम (जवळच्या प्रजातींच्या गटाचे, म्हणजे जीनसचे नाव) १९२३ चे. ज्या यीस्टची लैंगिक अवस्था ठाऊक नाही, त्यांना त्यात कोंबत गेले आणि ती अडगळीची खोली झाली. कँडिडा ग्लाब्राटा या प्रजातीचेच पाहा: १९१७ मध्ये क्रिप्टोकॉकस, मग टोरुलॉप्सिस, १९७८ मध्ये कँडिडा. डीएनएच्या हिशेबाने मात्र ते कँडिडा अल्बिकन्स या नेहमीच्या कँडिडापेक्षा पावाच्या यीस्टला जवळचे. त्यातच अलैंगिक आणि लैंगिक अवस्थांना वेगवेगळी नावे देण्याची मुभा होती. वनस्पती व बुरशींच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या २०११ च्या मेलबर्नमधील परिषदेने ती काढली. २०१३ पासून एका बुरशीला एकच वैध नाव. मग ग्लाब्राटा नाकासिओमायसीसमध्ये गेले आणि कँडिडा क्रुसेईचे पिकिया कुद्रियावझेविआय झाले. २०२४ मध्ये ऑरिस व त्याच्या नातलगांसाठी कँडिडोझायमा हा नवा वंश मांडण्यात आला.

वर्गीकरणवाल्यांचा मुद्दा पोकळ नाही. खऱ्या अर्थाने कँडिडात न बसणाऱ्या यीस्टपैकी अनेकांवर फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध कमी चालते किंवा चालतच नाही. नावातून नाते कळले तर औषधाचा अंदाजही बांधता येतो. पण रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरचा विचार करा. ‘क्रुसेई’ वाचले की फ्लुकोनाझोल नको, हे त्याला पाठ असते. अहवालात ‘कुद्रियावझेविआय’ आले तर तो आधी फोन करणार, नाहीतर (हे वाईट) करणार नाही. शिवाय औषध-संवेदनशीलतेचे तक्ते, रुग्णालयांची संगणकप्रणाली, वर्षानुवर्षांची आकडेवारी, सगळे जुन्या नावांवर उभे आहे. ऑरिसच्या बाबतीत तर घाईच झाली असे वाटते: ‘ऑरिस’ हा शब्द मोठ्या कष्टाने वॉर्डातल्या परिचारिकांपर्यंत आणि रुग्णालय प्रशासनापर्यंत पोहोचला होता. प्रजातीचे नाव तेवढे टिकले, हे नशीब.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची रोगकारक बुरश्यांची प्राधान्य यादी आली. तिच्यात ऑरिस सर्वांत गंभीर गटात आहे, अर्थातच तेव्हाच्या नावाने. ग्लाब्राटा आणि क्रुसेईची मात्र नवी नावे देऊन जुनी कंसात ठेवली आहेत. अनेक प्रयोगशाळाही आता अहवालात दोन्ही नावे लिहितात. आणि ज्या हिमुलोनिआयशी इतकी वर्षे गल्लत झाली, तेही नव्या व्यवस्थेत ऑरिसच्याच वंशात गेले आहे. त्याचे नावही आता ‘हिमुलाय’ असे लिहायचे आहे.