घराला एकच कॉम्प्युटर घ्यायचाय? हलका लॅपटॉप निवडण्याआधी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, लातूर)

लॅपटॉप खोक्यातून काढून समोर ठेवला की गिऱ्हाईक आधी तो तळहातावर तोलून बघतं. सव्वा किलोचा निघाला की चेहरा खुलतो. "लईच हलका आहे की हो!" म्हणत तो बायकोच्या हातात जातो, मग लेकराच्या. निम्मा सौदा तिथंच झालेला असतो.

वजन दुकानात कळतं. रॅम अपुरी पडतेय, खालून तवा तापल्यासारखा तापतोय, प्रिंटरची वायर लावायला भोकच नाही, हे घरी गेल्यावर सहा महिन्यांनी कळतं. तेव्हा तुम्ही परत येता आणि आमच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून पैसे मोजायच्या आधी हे पत्रक घरी न्या आणि सगळ्यांनी मिळून वाचा.

डेस्कटॉप की लॅपटॉप?

घरात एकच कॉम्प्युटर असतो आणि त्याच्यावर सगळं घर बसतं. पोरीचे क्लासचे व्हिडिओ, वडिलांचा सातबारा आणि पीक विम्याचा अर्ज, आईच्या बचत गटाचा हिशेब, रात्री एखादा सिनेमा. अशा घराला आम्ही पूर्वी डोळे झाकून डेस्कटॉप सांगायचो. आता हलका लॅपटॉप सांगतो, आणि त्याचं मोठं कारण लाईट आहे. साधा डेस्कटॉप मॉनिटरसकट ८० ते १५० वॅट खातो. हलक्या लॅपटॉपला रोजच्या कामात १० ते २० वॅट पुरतात. छताचा एक पंखा जेवढी वीज घेतो, तेवढ्यात असे तीन-चार लॅपटॉप चालतील. उन्हाळ्यात ऐन ऑनलाइन अर्जाच्या वेळी लाईट गेली तर डेस्कटॉपचा छोटा यूपीएस 'सेव्ह करून बंद करा' एवढाच वेळ देतो. लॅपटॉप अर्ज पुरा करू देतो.

लग्नाचे व्हिडिओ दिवसभर एडिट करणारे, थ्रीडी नकाशे काढणारे, मोठे गेम खेळणारे यांनी मात्र हलक्या लॅपटॉपच्या नादी लागू नये. त्यांना आम्ही डेस्कटॉपच देतो, भले त्यात आमचा नफा कमी असो.

जे नंतर बदलता येत नाही, ते आधी बघा

हलका लॅपटॉप बारीक असतो, आणि बारीक करण्यासाठी कंपन्या बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम थेट मदरबोर्डवर सोल्डर करून टाकतात. पाच वर्षांपूर्वीच्या जाड लॅपटॉपमध्ये आम्ही पाच मिनिटांत रॅम वाढवून द्यायचो. इथं ते जमत नाही. जेवढी घेतली तेवढीच, शेवटपर्यंत.

रॅम म्हणजे काय, हे आम्ही मोंढ्यातल्या आडत दुकानावरून सांगतो. मागचं गोदाम म्हणजे एसएसडी, सगळा माल तिथं साठलेला. माप घ्यायला ज्या ओट्यावर रास ओततात तो ओटा म्हणजे रॅम. गोदाम कितीही मोठं असू द्या, ओटा चिंचोळा असेल तर प्रत्येक रास उचलून आत न्यायची, दुसरी बाहेर आणायची, यातच दिवस जातो. ब्राउझरचे दहा टॅब, व्हिडिओ क्लास आणि एक्सेल एकदम उघडलं की ४ जीबीच्या मशीनचं अगदी असंच होतं.

म्हणून आमचं सांगणं असं आहे. ४ जीबी कोणी फुकट दिली तरी मुख्य कॉम्प्युटर म्हणून घेऊ नका. ८ जीबीवर आज भागतं, पण त्यातलीही थोडी रॅम पडद्याच्या ग्राफिक्सला जाते. रॅम सोल्डर असेल आणि मशीन पाच-सहा वर्षं वापरायचं असेल तर १६ जीबीच घ्या. काही मॉडेलमध्ये ८ जीबी सोल्डर आणि वर एक मोकळा स्लॉट असतो. असं मशीन सापडलं तर उत्तम, बाकीची रॅम पुढच्या दिवाळीला टाकता येते. आम्हाला, किंवा तुम्ही जिथून घ्याल त्या दुकानदाराला, एवढंच विचारा: "रॅम सोल्डर आहे का? मोकळा स्लॉट आहे का?" नीट उत्तर मिळेपर्यंत पुढं सरकू नका.

स्टोरेजचं एवढं टेन्शन नाही. एसएसडी बहुतेक मशीनमध्ये बदलता येते. ५१२ जीबी घराला पुरते. फक्त स्वस्तातल्या मशीनवर 'ईएमएमसी' असं लिहिलेलं दिसलं तर ते ठेवा बाजूला. ते एसएसडीपेक्षा बरंच हळू असतं आणि बोर्डवरच चिकटलेलं असतं.

प्रोसेसरच्या नावांनी लोक फार फसतात. इंटेलचा 'आय-फाइव्ह आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, कितव्या पिढीचा ते विचारा. आठव्या पिढीच्या आय-फाइव्हपेक्षा बाराव्या पिढीचा आय-थ्री घरच्या कामाला सरस पडतो. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा, त्यावरून आतली रचना किती जुनी ते कळतं. ७५२०यू आणि ७५३०यू ही नावं भावंडांसारखी वाटतात, पण पहिल्याची रचना जुन्या झेन २ ची आणि कोअर (काम करणारे हात म्हणा) चार, दुसऱ्याची झेन ३ ची आणि कोअर सहा. शिवाय ७५२०यूच्या मशीनची रॅम सोल्डरच असते. नुसतं लिहिणं, वाचणं आणि व्हिडिओ बघणं असेल तर इंटेलचा एन१०० सुद्धा चालतो. दोन कोअरचे जुने सेलेरॉन मात्र आम्ही विकणं बंद केलं.

वजनाला किती पैसे द्यायचे?

कॉलेजला रोज पाठीवर न्यायचा लॅपटॉप वेगळा. घरातल्या टेबलावर राहणाऱ्या, फार तर हॉलमधून माडीवर जाणाऱ्या लॅपटॉपला १.२ किलो आणि १.५ किलो यांतला फरक फारसा कामाचा नाही. पाव किलो वजन कमी व्हावं म्हणून दहा-दहा हजार जास्त मोजणारी माणसं आम्ही बघतो आणि जीव तुटतो. तेच पैसे १६ जीबी रॅमला किंवा एका मॉनिटरला लावलेले बरे.

हो, लॅपटॉपला मॉनिटर लावायचा. १४ इंची पडद्याकडे मान वाकवून चार-चार तास बसलेली पोरं आम्हाला रोज दिसतात. २२ किंवा २४ इंची मॉनिटर, साधा कीबोर्ड आणि माउस घ्या. लॅपटॉप बाजूला ठेवला की डेस्कटॉपची बैठक तयार. पाहुणे आले, खोली रिकामी करायची झाली, की दोन वायरी काढायच्या आणि लॅपटॉप उचलायचा. या एका सोयीसाठीच मुख्य कॉम्प्युटर हलका असावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

यासाठी घेताना भोकं मोजा. मॉनिटरसाठी एचडीएमआय हवं, आणि पेनड्राइव्ह-प्रिंटरसाठी जुन्या पद्धतीची चौकोनी यूएसबी निदान दोन हवीत. काही बारीक मशीनना फक्त टाइप-सी असतं. प्रत्येक टाइप-सी मॉनिटर चालवतंच असं नाही आणि प्रत्येकातून चार्जिंग होतंच असंही नाही. येताना घरच्या प्रिंटरची वायर घेऊन या, इथंच लावून बघू.

आपलं ऊन, आपली धूळ

बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. बारीक मशीनमध्ये पंखा छोटा असतो. मॅकबुक एअरमध्ये तर २०२० च्या एम१ पासून पंखाच नाही. तापलं की मशीन स्वतःहून वेग कमी करतं. ते बिघाड नाही, जीव वाचवणं आहे. पण रोज दुपारी तसंच होत असेल तर बसायची जागा बदला.

पंखा असलेली बरीचशी मशीन खालून हवा ओढतात. गादीवर, सतरंजीवर, उशीवर ठेवलं की नाक दाबल्यासारखं होतं. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांनंतर दुरुस्तीला येणाऱ्या मशीनचं खालचं झाकण उघडलं की पंख्याच्या तोंडाशी धुळीचा थर निघतो, घोंगडीच्या तुकड्यासारखा, चिमटीत धरून अख्खा उचलता येतो. वर्षातून एकदा साफ करून घ्या. आणि कूलरच्या थेट समोर बसू नका. माणसाला ती हवा गार लागते, पण लॅपटॉपच्या पोटात ओल जाते.

बॅटरीचे दोन वैरी: उष्णता, आणि कायम १०० टक्क्यांवर राहणं. मुख्य कॉम्प्युटर दिवसभर चार्जरला असतो, म्हणजे दोन्ही एकदम. पुष्कळ कंपन्यांनी आता ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय दिली आहे. मशीन देताना आम्ही ती चालू करून देतो, घरी जाऊन बंद करू नका. टचपॅड दबेनासा झाला, वर आल्यासारखा वाटला, किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असं समजा. लगेच बंद करा, चार्जर काढा आणि घेऊन या. दाबून बसवायचा, टोचायचा प्रयत्न कोणीही करू नये, त्यातून आग लागते.

हाताला झिणझिण्या येतात त्याबद्दल

निलंग्याकडचं एक गिऱ्हाईक नवा, धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार दिवसांत परत घेऊन आलं. म्हणे करंट मारतो. दुकानात आम्ही तासभर लावून ठेवला, चार जणांनी हात फिरवला, काही नाही. घरी नेला की परत तेच. शेवटी आमचा पोरगा टेस्टर घेऊन त्यांच्या घरी गेला. बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाला आत वायरच जोडलेली नव्हती. भोक नुसतं दिसायला.

चार्जरमधल्या रचनेमुळं अगदी किंचित करंट बॉडीपर्यंत येतो आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी अपेक्षा असते. अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या जोडावर लावला असेल, तर तो तुमच्या हाताला जाणवतो. धातूच्या बॉडीत जास्त, प्लास्टिकमध्ये कमी. चार्जर बरोबर आलेला, तीन पिनचाच वापरा आणि लॅपटॉप आणण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरात मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत चला, कोरडा पडला की तो काम करत नाही. अवकाळीत आभाळ गडगडायला लागलं की चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

मराठी टायपिंग

यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिकही आहे. दोन्ही आम्ही चालू करून देतो. जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील तर सांगा, त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत, बदलून घेणं बरं.

जुना घ्यावा का?

कंपन्यांमधून निघालेले हलके लॅपटॉप चांगले असतात, आम्हीही विकतो. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते. त्याच्या मागचं मशीन कितीही चकचकीत असलं तरी बँकेचं काम त्याच्यावर करायला आम्ही सांगणार नाही. बॅटरीचा रिपोर्ट काढून मागा. मूळ क्षमता आणि आजची क्षमता त्यात शेजारीशेजारी दिसते.

फोटो आणि किल्ली

हे आम्हाला फार मनाला लागलेलं आहे. एका घरातला लॅपटॉप अपडेटनंतर चालू होईना, निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागला. नव्या विंडोजमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. ते खातं घेताना कुणीतरी घाईत, कसल्यातरी ईमेलवर काढून दिलेलं. ना पासवर्ड माहीत, ना नंबर. आजोबांचे शेवटचे फोटो त्यात होते. आम्ही काहीच करू शकलो नाही.

तेव्हापासून आम्ही खातं मालकाच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवरच काढतो, ती किल्ली कागदावर छापून बिलाला टाचून देतो. तो कागद सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. आणि एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर उतरवा. बाकी वेळ ती कपाटात राहू द्या, लॅपटॉपला लावून ठेवू नका.

येताना

घरात कोण कशासाठी वापरणार ते एका चिठ्ठीवर लिहून आणा आणि ज्यांना वापरायचा आहे त्यांनाही आणा. उदगीर, अहमदपूर, चाकूरकडून येणाऱ्यांनी वॉरंटी घरपोच आहे की मशीन सर्व्हिस सेंटरला न्यावं लागेल, हे पिनकोड सांगून आमच्याकडून तपासून घ्यावं. बिल पक्कं घ्या, पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर त्यावर आहे का ते बघा.

जुना कॉम्प्युटर बंद पडलेला असला तरी घेऊन या. बऱ्याचदा त्याची हार्ड डिस्क आतून ठीक असते. त्यातले फोटो, लेकरांची प्रमाणपत्रं, हिशेब नव्या लॅपटॉपमध्ये टाकतो, तुमच्यासमोर एकेक फाइल उघडून दाखवतो आणि मगच मशीन तुमच्या हातात देतो.