एनडी की सीपीएल? दोन काळ्या काचांची गल्लत

"अगं, काच तर काळीच आहे, मग पाणी दुधासारखं का होत नाहीये?" वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर ट्रायपॉड लावून बसलेल्या मैत्रिणीने विचारलं. संध्याकाळ होती, ओहोटी संपत आली होती. तिच्या लेन्सवर सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर, चमक गाळणारा फिल्टर) होता, आणि तिला हवा होता एनडी (न्यूट्रल डेन्सिटी, नुसता उजेड कमी करणारा फिल्टर). दोन्ही गोल, दोन्ही करड्या, दोन्ही लेन्सच्या त्याच आट्यांवर बसतात. गल्लत होणारच.

एनडी फक्त उजेड अडवतो, सगळा सारखाच. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, त्यामुळे दहा स्टॉपचा एनडी हजारातला जेमतेम एक भाग आत सोडतो. सूर्य मावळताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सचं छिद्र) ला शटर १/६० सेकंद येत असेल, तर तो लावल्यावर जवळपास १७ सेकंद लागतात. तेवढ्यात दोन-तीन लाटा येऊन जातात, एकाच फ्रेममध्ये एकमेकींवर साठतात आणि पाणी धुक्यासारखं होतं.

सीपीएल मात्र निवडून अडवतो. पाण्यावरून किंवा ओल्या दगडावरून तिरकस परतणारा प्रकाश बराचसा एकाच दिशेत कंप पावत असतो. काचेची कडी फिरवली की नेमका तोच गाळला जातो. यात एक-दोन स्टॉप उजेडही जातो, पण ती त्या कामाची किंमत आहे, काम नव्हे. मैत्रिणीचं शटर १/६० वरून १/२० वर आलं होतं. १/२० ला पाणी रेशमी होत नाही, नुसतं हललेलं दिसतं.

मुंबईत हा फरक जास्तच जाणवतो, कारण आपला समुद्र पश्चिमेला आहे आणि संध्याकाळी सूर्य थेट समोर असतो. आकाशावर सीपीएलचा असर सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त, त्यामुळे मावळतीच्या आकाशात तो जवळजवळ काहीच करत नाही. उलट जुहूच्या ओल्या वाळूवर पसरलेला केशरी रंग म्हणजे प्रतिबिंबच, आणि कडी चुकीची फिरली तर तेच पुसट होतं. मी तिथे संध्याकाळी सीपीएल काढूनच ठेवते. सकाळी बँडस्टँडला मात्र त्याच्यासारखा सोबती नाही. ओहोटीला उघडे पडलेले काळे खडक उन्हात पांढरे चमकत असतात. कडी हळूहळू फिरवा: चमक उतरते, शेवाळाचा हिरवा रंग वर येतो, डबक्याचा तळ दिसायला लागतो. पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन धरला तर हा असर सर्वांत ठळक.

गोंधळ वाढवणारी तिसरी काच म्हणजे व्हेरिएबल एनडी. तिचीही कडी फिरते, कारण आत दोन पोलरायझर, म्हणजे सीपीएलसारख्याच काचा, एकमेकांवर असतात. ओळखायचं कसं? पांढऱ्या भिंतीकडे धरून कडी फिरवा. भिंत गडद-फिकी होत गेली तर व्हेरिएबल एनडी, काहीच बदललं नाही तर सीपीएल. आणि डबीवरचे आकडे नीट वाचा. ०.९ म्हणजे तीन स्टॉप, त्यालाच एनडी ८ म्हणतात. ३.० म्हणजे तीन नव्हे, दहा स्टॉप.

एनडी घेतला म्हणजे शटर लांबवतच न्यायचं, असंही नाही. सी-लिंकचे खांब दोन मिनिटं उघड्या शटरलाही तसेच उभे राहतात, पण वरळी कोळीवाड्यासमोर नांगरलेल्या होड्या डुलतात आणि फोटोत भुतासारख्या उमटतात. मला स्वतःला अर्धा सेकंद सर्वांत आवडतो. लाट खडकावरून परत जाताना पाण्याचे धागे सुटतात, ते तेवढ्याच वेळात टिपले जातात. जास्त वेळ दिला की धाग्यांचं धुकं होतं आणि समुद्राची ताकद निघून जाते. त्यासाठी सहा स्टॉपचा एनडी पुरतो: १/६० चा साधारण एक सेकंद, छिद्र एक स्टॉप उघडून एफ/८ केलं की अर्धा. दहा स्टॉपचा लावायचा असेल तर फ्रेम आणि फोकस आधीच ठरवून घ्या, नंतर काचेतून फारसं काही दिसत नाही.

मैत्रिणीने सीपीएल काढला, मी माझा सहा स्टॉपचा दिला. "लाट येताना नको, परतताना दाब," एवढंच सांगितलं. पहिले तीन फ्रेम घाईत गेले. चौथ्यात काळ्या खडकाच्या दोन्ही बाजूंनी पाणी पांढऱ्या दोऱ्यांसारखं उतरत होतं. ती स्क्रीनवर मोठं करून पाहत राहिली. तोवर भरती लागली होती, पुढच्या खडकाला पाणी भिडलं होतं. ट्रायपॉड उचलून आम्ही मागे निघालो.