कंपोझिटचे चिकटवलेले जोड आणि नॅनो-ॲढेसिव्ह: ऑर्डर देण्यापूर्वी वाचा

सप्रेम नमस्कार.

"नॅनोवालं ॲढेसिव्ह द्या, म्हणजे जोड सुटायची भीती नको," अशी मागणी आमच्याकडे वरचेवर येते. हा माल, म्हणजे अतिसूक्ष्म (नॅनो) कण मिसळलेलं ॲढेसिव्ह, आम्ही देतो आणि तो मनापासून चांगला मानतो. पण तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नाही, हे समजून घेतल्याशिवाय पैसे घालू नका.

जोड सुटतो कुठून?

कंपोझिटच्या, म्हणजे कार्बन किंवा ग्लास फायबरचे तंतू रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या राळेसारख्या द्रवात) बसवून केलेल्या, दोन पट्ट्या एकावर एक चिकटवून ओढल्या, तर भार सगळीकडे सारखा वाटला जात नाही. ओव्हरलॅपच्या (एकावर एक आलेल्या भागाच्या) दोन टोकांवर ताण सर्वांत जास्त येतो, मधल्या भागाला फारसं काम उरत नाही. शिवाय दोन्ही पट्ट्या एका रेषेत नसल्यामुळे जोड किंचित वाकतो आणि टोकं उचकटू लागतात. कडक पण ठिसूळ इपॉक्सीला (ॲढेसिव्हमधल्या रेझिनला) हे उचकटणंच सोसत नाही. टोकाला बारीक चीर पडली की ती सुसाट पुढे जाते. म्हणूनच ओव्हरलॅप दुप्पट केला तरी ताकद दुप्पट होत नाही. बोल्ट मारावा, तर भोक पाडताना भार वाहणारे तंतूच कापले जातात.

नॅनो कण काय करतात?

चीर थोपवतात. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीची, जाडी काही नॅनोमीटरपासून काही दहा नॅनोमीटरपर्यंत. चीर उघडू लागली की या नळ्या टाक्यांसारख्या दोन्ही काठ धरून ठेवतात. पुढे सरकायचं तर एकेक नळी रेझिनमधून उपसावी लागते, आणि त्यात चिरेचा जोर खर्ची पडतो. ग्राफीनचे (कार्बनचे अतिपातळ) पापुद्रे तिची वाट वाकडी करतात. नॅनोसिलिकाचे गोल कण रेझिनपासून सुटतात, तिथे सूक्ष्म पोकळ्या होतात आणि भोवतालचं इपॉक्सी तुटण्याआधी ताणलं जातं.

नॅनोट्यूब वजनाने ०.१ ते ०.५ टक्के सहसा पुरतात. "थोडं जास्त टाका की" असं म्हणू नका. नळ्या एकमेकींना धरून बसतात, गुठळ्या होतात, आणि गुठळी म्हणजे आपणच जोडात पेरलेला दोष. ॲढेसिव्ह घट्ट होऊन हवा अडकते ती वेगळीच. म्हणून ट्यूबचं मिश्रण थ्री-रोल मिलमधून (तीन रुळांमध्ये दाबून गुठळ्या मोडणाऱ्या यंत्रातून) काढावं लागतं. कुठलाही डबा उघडलात की एक थेंब दोन काचांमध्ये दाबून उजेडासमोर धरा. रंग सगळीकडे एकसारखा दिसला पाहिजे. काळे ठिपके दिसले तर तो डबा वापरू नका, आमचा असला तरी.

सुटी पावडर आणून कपात काडीने ढवळणं मात्र कृपया टाळा. गुठळ्या मोडत नाहीत, आणि धूळ फुप्फुसात जाते. एका प्रकारच्या बहुभिंती नॅनोट्यूबला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'माणसात कर्करोगाची शक्यता' या गटात ठेवलं आहे. क्युअर झालेला (पूर्ण कडक झालेला) जोड घासतानासुद्धा ओलं घासा आणि धुळीचा चांगला मास्क लावा.

तुटलेला जोड आधी नीट बघा

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. एक बाजू स्वच्छ, गुळगुळीत, चकचकीत आणि सगळं ॲढेसिव्ह दुसऱ्या बाजूला, असं दिसलं तर दोष पृष्ठभागाचा. मोल्ड रिलीजचा (साच्याला पट्टी चिकटू नये म्हणून लावलेल्या थराचा) अंश राहिला असेल, हाताचा तेलकटपणा असेल किंवा लॅमिनेटमध्ये (थरांनी बनलेल्या कंपोझिटच्या पट्टीत) ओल असेल. अशा वेळी चीर ॲढेसिव्हमधून जातच नाही, मग आतल्या नॅनोट्यूब तिला अडवणार कशा? आधी पॉलिश पेपरने हलकं घासा, धूळ काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं दर वेळी नवं घ्या. मग पाण्याचे थेंब टाकून बघा: पाण्याचा सलग पापुद्रा पसरला तर ठीक, मणी बनले तर पुन्हा सफाई. तपासणीनंतर पृष्ठभाग पूर्ण वाळू द्या. इथे अल्ट्रासाउंडवर विसंबू नका. त्यात पोकळी दिसते, पण टेकलेला तरी न चिकटलेला थर बहुधा नजरेतून सुटून जातो.

दोन्ही बाजूंना ॲढेसिव्हचा थर राहिला असेल, तर तुटलं ते ॲढेसिव्हच. नॅनो-ॲढेसिव्ह याच जोडासाठी आहे.

आणि ॲढेसिव्हवर लॅमिनेटचे तंतू उपटून आलेले दिसले, तर ॲढेसिव्ह आधीच लॅमिनेटच्या वरच्या थरापेक्षा मजबूत आहे. तिथे आम्ही महागडा डबा विकणार नाही. टोकांना उतार देणं किंवा लॅमिनेटची रचना बदलणं हा त्यावरचा उपाय.

कार्बन फायबरला ॲल्युमिनियम चिकटवत असाल तर आधी सांगा. नॅनोट्यूबमुळे ॲढेसिव्हमधून वीज वाहू लागते, आणि ओल पोचली की ॲल्युमिनियम गंजतं. त्या कामाला आम्ही नॅनोसिलिका देतो आणि मध्ये पातळ ग्लास फायबरचं कापड घालायला सांगतो.

ऑर्डरसोबत तुटलेल्या जोडाचे दोन्ही तुकडे पाठवा. तुटलेल्या तोंडांना हात लावू नका, पुसू नका, दोन वेगळ्या स्वच्छ पिशव्यांत घाला.