धष्टपुष्ट गाय म्हणजे निर्धोक गाय?

नागपूरकडच्या गोठ्यांत एक समज पक्का आहे: गाय धष्टपुष्ट, शेण घट्ट, म्हणजे तिच्यापासून माणसाला काही लागत नाही. हे खरं नाही. एन्टेरोसायटोझून बिएन्यूसी हा मायक्रोस्पोरिडिया गटातला, बुरशीशी जवळचं नातं असलेला आतड्यातला परजीवी निरोगी दिसणाऱ्या गुरांच्या शेणातूनही बाहेर पडतो. त्याचे बीजाणू जेमतेम दीड मायक्रॉनचे. नेहमीच्या शेणतपासणीत ते सहसा सुटतात, पीसीआर ही डीएनए शोधणारी तपासणी लागते. त्याचे ‘आय’ आणि ‘जे’ हे जनुकीय प्रकार आधी फक्त गुरांचे मानले जात. पुढे माणसांतही सापडले.

धडधाकट माणसाला बहुधा थोडे दिवस जुलाब होतात, इतकंच. एचआयव्हीबाधितांना, अवयव-प्रत्यारोपण झालेल्यांना मात्र तो फार दिवस छळतो, आणि त्यावर अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध फारसं चालत नाही. घरात असं कुणी असेल तर शेण दुसऱ्याने काढावं आणि दूध उकळूनच द्यावं.