अमिगावरील जीसीसी

अमिगावरील जीसीसी : कमोडोर कंपनीच्या अमिगा या घरगुती संगणकावर युनिक्ससारखे वातावरण उभारून त्यात जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा सी कंपायलर (सी भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन), म्हणजे जीसीसी, चालवण्याची रीत. ती १९९०च्या दशकात रुळली आणि जुनी यंत्रे जपणारी मंडळी आजही ती पाळतात. तिला दोन आधार आहेत. युनिक्सचे सिस्टिम कॉल (प्रोग्रामने प्रणालीकडे मागायच्या सेवा) पुरवणारी इक्सएम्युल ही लायब्ररी हा पहिला, आणि तिच्यावर चालणाऱ्या जीएनयू साधनांचा ‘गीक गॅजेट्स’ हा संच दुसरा.

अमिगा १९८५ साली आला. मोटोरोला ६८००० प्रोसेसर आणि जेमतेम ७ मेगाहर्ट्‌झ वेग असूनही तो एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवत असे. लॅटिस सी (पुढे सास सी) आणि अ‍ॅझ्टेक सी हे त्यावरचे चांगले कंपायलर. पण ते विकत घ्यावे लागत, आणि युनिक्सवरच्या मुक्त प्रोग्रामांचा सोर्स त्यांत जसाच्या तसा बसत नसे. मार्कुस विल्ड यांनी जीसीसी अमिगावर आणला आणि इक्सएम्युल लिहिली. नेटबीएसडी ही युनिक्ससारखी प्रणाली अमिगावर आणण्याचे कामही त्यांनीच सुरू केले. विखुरलेली साधने गीक गॅजेट्सच्या रूपाने एकत्र बांधण्यात फ्रेड फिश यांचा वाटा मोठा आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या हजाराहून अधिक ‘फिश डिस्क’ घरोघरी पोहोचवणारे हेच गृहस्थ. अमिगाच्या जगावर त्यांचे ऋण फार मोठे आहे.

मांडणीत पहिली ठेच लागते ती फाइलींच्या पत्त्यांपाशी. अमिगाच्या फाइली सांभाळणाऱ्या अमिगाडॉसचा उगम केंब्रिजच्या ट्रायपॉस प्रणालीत आहे, युनिक्समध्ये नाही. इथे पत्त्याची सुरुवात ड्राइव्हच्या किंवा नेमून दिलेल्या नावाने होते आणि त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे येतात. युनिक्समध्ये पत्त्याच्या आरंभीची तिरपी रेघ म्हणजे मूळ डिरेक्टरी. अमिगावर तीच रेघ म्हणजे एक पायरी वर. मेकफाइलींमध्ये (प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलींमध्ये) असे पत्ते पदोपदी येतात, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. इक्सएम्युल मधल्यामध्ये भाषांतर करते : ‘/जीजी/बिन’ मागितले की ती ‘जीजी:बिन’ उघडते. त्यासाठी संच ज्या डिरेक्टरीत सोडवला असेल तिला ‘असाइन’ आज्ञेने जीजी हे नाव द्यावे लागते. ही ओळ युझर-स्टार्टअप फाइलीत घालतात, म्हणजे यंत्र सुरू होताच नाव लागू होते. ती राहून गेली, तर कंपायलर हाक मारताच पडद्यावर चौकट उघडते आणि ‘जीजी’ नावाची डिस्क घाला असे सांगते. अशी डिस्क मुळात नसतेच, आणि नवखा माणूस ती शोधत बसतो.

नावांचीही बंधने आहेत. अमिगाच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नाव ३० अक्षरांपुरतेच असते. लहान-मोठ्या लिपीतली रोमन अक्षरे जशी लिहिली तशी टिकतात, पण शोधताना त्यांत फरक केला जात नाही. जीसीसी मात्र लहान ‘एस’ने संपणारी आणि मोठ्या ‘एस’ने संपणारी असेम्ब्ली फाइल वेगळी मानतो : दुसरीवर आधी प्रीप्रोसेसर (कंपायल करण्याआधी मजकुरात बदल करणारे साधन) चालतो. एकाच डिरेक्टरीत या दोन नावांच्या फाइली आल्या, तर नंतर सोडवलेली पहिलीला पुसून टाकते. अमिनेट या अमिगाच्या सॉफ्टवेअर-संग्रहावरून उतरवलेल्या एलएचए (आवळून बांधलेल्या) फाइली अमिगावरच सोडवलेल्या बऱ्या. दुसऱ्या संगणकावर सोडवल्या तर अमिगाचे संरक्षण-बिट (फाइल वाचता, बदलता वा चालवता येते का हे सांगणाऱ्या खुणा) गळून जाण्याचा धोका असतो.

सर्वांत जास्त जपायचे ते स्टॅकला, म्हणजे प्रोग्रामची फंक्शने चालताना तात्पुरती मूल्ये ठेवायच्या मेमरीला. युनिक्सवर स्टॅक गरजेप्रमाणे वाढत जातो, म्हणून तिथला प्रोग्रामर त्याचा विचारही करत नाही. अमिगावर प्रोग्राम सुरू होतानाच त्याला ठरावीक जागा मिळते आणि शेलमध्ये ती मुळात फक्त ४,०९६ बाइट असते. जीसीसीची फंक्शने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतात; मोठी पदावली आली की ही जागा बघता बघता संपते. सगळे प्रोग्राम एकाच मेमरीत दाटीने राहतात आणि मध्ये कुंपण नसते, म्हणून कंपायलर शेजाऱ्याच्या जागेत लिहू लागतो. बिघाड तिथल्या तिथे दिसेलच असे नाही. कधी काही मिनिटांनी भलताच प्रोग्राम कोसळतो आणि काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत ‘गुरू मेडिटेशन’ झळकते. दोष शोधणारा तोवर दुसरीकडेच पाहत असतो. कंपायलर चालवण्याआधी ‘स्टॅक २०००००’ एवढी एक आज्ञा दिली की यातला बराच त्रास टळतो. मांडणी नीट झाली की नाही हे पाहताना पहिली तपासणी हीच करावी.

फोर्क हा सिस्टिम कॉल इक्सएम्युलला देता येत नाही. चालू प्रोग्रामची हुबेहूब प्रत त्याच पत्त्यांवर उभी करायची तर एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारा हार्डवेअरचा भाग) लागतो. ६८००० मध्ये तो नाही, अमिगा १२०० मधल्या ६८ईसी०२० मध्येही नाही. त्याऐवजी व्हीफोर्क आहे : नवा प्रोग्राम सुरू होईपर्यंत मूल (नवी प्रक्रिया) आईचीच (मूळ प्रक्रियेचीच) मेमरी वापरते आणि आई थांबून राहते. प्रीप्रोसेसर, असेम्ब्लर, लिंकर अशी साधने ओळीने बोलवायला जीसीसीला एवढे पुरते. फोर्कवर विसंबलेल्या प्रोग्रामात मात्र हाताने बदल करावे लागतात.

अमिगा १२०० च्या मूळच्या २ मेगाबाइट चिप मेमरीवर (चित्र-ध्वनीच्या चिपांशी वाटून घ्यायच्या मेमरीवर) काम भागत नाही. वेगळी फास्ट मेमरी (फक्त प्रोसेसरसाठीची) आणि निदान ६८०२० प्रोसेसर हवा. तात्पुरत्या फाइली ‘टी’ या नावाच्या जागी जातात आणि ती मुळात रॅम डिस्कमध्ये असते. मेमरी तुटपुंजी असेल तर ‘टी’ हार्ड डिस्ककडे वळवावी.

तयार प्रोग्रामला इक्सएम्युलची गरज राहू नये असे वाटल्यास ‘नोइक्सएम्युल’ हा पर्याय देतात. मग लिबनिक्स ही छोटी लायब्ररी जोडली जाते. खिडक्या आणि चित्रे हाताळणाऱ्या अमिगाच्या स्वतःच्या लायब्रऱ्या मूल्ये स्टॅकवरून घेत नाहीत, प्रोसेसरच्या रजिस्टरांतून (त्याच्या आतल्या छोट्या जागांतून) घेतात, आणि लायब्ररीचा पत्ता ए६ या रजिस्टरमध्ये असावा लागतो. जीसीसीला हे कळावे म्हणून खास इनलाइन हेडर फाइली असतात.

जीसीसीची २.९५.३ ही आवृत्ती अमिगावर दीर्घकाळ वापरात राहिली. आता बरेच जण लिनक्सवर क्रॉस-कंपायलर (एका यंत्रावर चालून दुसऱ्यासाठी प्रोग्राम बनवणारा) चालवतात. त्यातूनही अमिगाच्या हंक या प्रोग्राम-फाइलींच्या स्वरूपातलीच फाइल निघते, त्यामुळे ती थेट अमिगावर नेऊन चालवता येते.