तुळईखालची हवा

लोकलचा तो जुना ‘खटक-खटक’ आवाज आता कमी झालाय. तो रुळांच्या सांध्यांचा आवाज. पोलाद तापलं की वाढतं. 13 मीटरचा रूळ 30 अंशांनी तापला, तर साधारण पाच मिलिमीटरनी लांब होतो. म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवायचे. आता रूळ वेल्डिंग करून लांबच लांब केलेले असतात आणि स्लीपर, खडी त्यांना दाबून धरतात. ती पकड कुठे सैल पडली आणि मे महिन्यातलं ऊन लागलं, की लांबीत वाढायला जागा नसलेला रूळ बाजूला फुगतो. हा फुगवटा लांबीतल्या वाढीपेक्षा कितीतरी मोठा असतो. रेल्वेला हे संकट वाटतं, पण आम्हा चिपवाल्यांचं पोट त्याच्यावरच चालतं.

सिलिकॉनच्या चिपवर एक बारीक तुळई बनवतात. ती दोन्ही टोकांना घट्ट रोवलेली असते आणि मधे किंचित वाकलेली, ‘व्ही’ अक्षर ताणून आडवं पसरावं तशी. समजा, प्रत्येक हात 200 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आहे आणि उतार सहा अंशांचा. तुळईतून वीज सोडली की ती तापते. सरासरी 400 अंशांनी तापली तर एकेक हात जेमतेम पाव मायक्रॉन वाढतो, पण मधलं टोक दोन मायक्रॉनहून जास्त पुढे सरकतं. म्हणजे जवळपास नऊपट! तेही मिलिसेकंदाच्या आत. घरच्या इस्त्रीला तापायला मिनिटं लागतात, इथे तापवायला वस्तूच केवढीशी! अशा अ‍ॅक्च्युएटरवर (म्हणजे अशा तापून ढकलणाऱ्या तुळईवर) इवले चिमटे चालतात, आरसे फिरतात, नॅनोतारा ताणून त्यांची ताकद मोजली जाते.

किती व्होल्टला किती सरकेल, हे चिप बनवण्याआधी कळायला हवं. त्यासाठी मॉडेल. वीज, उष्णता आणि वाकणं, अशी तीन गणितं एकमेकांत गुंतलेली असतात. तापमान वाढलं की रोध बदलतो, रोध बदलला की उष्णता बदलते, म्हणजे पुन्हा तापमान. तुळई पॉलिसिलिकॉनची, म्हणजे बारीक स्फटिकांच्या सिलिकॉनची असते. त्यात भरपूर डोपिंग, म्हणजे मुद्दाम केलेली दुसऱ्या मूलद्रव्याची भेसळ, असेल तर तापल्यावर रोध सहसा वाढतो. अशा वेळी व्होल्टेज स्थिर ठेवलं तर तुळई स्वतःच जरा आवरतं घेते. प्रवाह स्थिर ठेवला तर उलट जास्तच तापत जाते. शिवाय सिलिकॉनचा प्रसरणांक (तापल्यावर लांबी किती वाढते तो आकडा) खोलीच्या तापमानाला अंशामागे दहा लाखांत 2.6, आणि पाच-सहाशे अंशांवर चारच्या आसपास. एकच आकडा घालून भागत नाही.

हे सगळं मी माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये नीट घातलं होतं. उत्तर आलं, की मधला भाग 1414 अंशांच्या वर गेलाय. म्हणजे सिलिकॉन वितळलं! इकडे सूक्ष्मदर्शकाखाली तीच चिप, त्याच व्होल्टेजला, निवांत पुढे-मागे करत होती. दोन दिवस मी गणितातली चूक शोधली. गणित बरोबरच होतं. मी हवा विसरलो होतो.

हवा म्हणजे उष्णतारोधक, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. पॉलिसिलिकॉनपेक्षा ती हजारपट वाईट वाहक आहे, हेही खरं. पण माझी तुळई चिपच्या पृष्ठभागापासून फक्त दोन मायक्रॉन वर तरंगत होती. उष्णतेला तुळईतून टोकापर्यंत जायचं तर 200 मायक्रॉन चालायचं, तेही दोन बाय दोन मायक्रॉनच्या छेदातून. खाली उतरायचं तर फक्त दोन मायक्रॉन, आणि तुळईच्या अख्ख्या लांबीभर वाट मोकळी. संध्याकाळी स्टेशनवर काय होतं? पूल रुंद असतो, पण फलाटाच्या टोकाला. भिंतीतलं भगदाड अरुंद, पण समोरच. अशी भगदाडं फलाटभर असली तर पुलावर कोण जाईल? ढोबळ हिशेब केला, तर हवेची वाट आठ-नऊ पट सोपी निघाली. कडेकडेने निसटणारी उष्णता वेगळीच. हवा तापली की तीही जास्त चांगली वाहक होते, ते पुढे घातलं. वाऱ्यासारखी फिरून उष्णता नेणं या मापावर जवळपास शून्य. इतक्या छोट्या फटीत हवेला फिरायला जागाच नसते.

हवा घातली आणि आकडे जुळू लागले. चिपवरच कोरलेल्या व्हर्नियरच्या (बारीक सरकणं मोजायच्या पट्टीच्या) रेषा मोजून मी मॉडेल तपासलं. अगदी तंतोतंत नाही, पण वितळण्यापेक्षा बरंच बरं.

पुढच्या महिन्यात तीच चिप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात घालायची होती. तिथे निर्वात. माझी दोन मायक्रॉन हवा आता नसणार, म्हणजे ते चुकलेलं पहिलं मॉडेल तिथे बरोबर ठरणार. मी जुनी फाइल उघडली, तिच्यातला आकडा पाहिला आणि पंप सुरू करण्याआधी व्होल्टेजचा नॉब बराच मागे फिरवला.