प्रोप्रायटरी एसडीके असलेल्या सॉफ्टवेअरला ओपन सोर्स लायसन्स: अर्ज कुठे अडतो

"जीपीएल लावलंय, सगळा कोड उघडा आहे, तरी डेबियनने किंवा एफ-ड्रॉइडने पॅकेज नाकारलं," असं कोणी म्हणालं की मी आधी बिल्ड फाइल, म्हणजे प्रोग्राम बांधताना काय काय जोडायचं ते सांगणारी फाइल, उघडायला सांगतो. (जीपीएल हे सोर्स खुला ठेवायची अट घालणारं लायसन्स; डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि एफ-ड्रॉइड हे अँड्रॉइड ॲपचं भांडार, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर वाटतात.) बहुतेकदा तिथे नकाशाचा नाहीतर पेमेंटचा एखादा प्रोप्रायटरी एसडीके, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा सोर्स बंद असलेला तयार कोड, सापडतो.

स्वतःच्या कोडचे मालक तुम्ही, म्हणून जीपीएलच्या अटी तुम्हाला बांधत नाहीत. पण तीच बायनरी (बांधून तयार झालेला प्रोग्राम) दुसऱ्याने वाटायची तर त्याला पूर्ण प्रोग्रामचा सोर्स द्यावा लागतो, आणि एसडीकेचा सोर्स त्याच्याकडे नसतो. ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर येणाऱ्या सिस्टिम लायब्ररींना सूट आहे खरी, पण बाहेरून डाउनलोड केलेला एसडीके तीत बसत नाही. डेबियनने १९९८ मध्ये केडीई हा डेस्कटॉप याच कारणासाठी काढला होता. केडीई ज्यावर उभा होता त्या क्यूटी लायब्ररीचं तेव्हाचं लायसन्स जीपीएलशी जुळत नव्हतं. २००० साली क्यूटी जीपीएलखाली आली, तेव्हा तो पेच सुटला.

एमआयटी, बीएसडी किंवा अपाची २.० असं सैल अटींचं लायसन्स घेतलं तर सोर्स देण्याचा हा प्रश्न येत नाही. एमपीएल २.० या लायसन्सची अट त्या त्या फाइलपुरतीच असते. जीपीएलच हवं असेल तर आवृत्ती ३ च्या कलम ७ खाली त्या लायब्ररीचं नाव घेऊन जादा परवानगी लिहा.

आता या परवानगीसाठी लागणारा तो कागद, जो कुणाकडेच नसतो: प्रत्येक कॉपीराइटधारकाची लेखी संमती. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी चाळीस ओळींचा पॅच पाठवलेला असतो, आता त्याचा ईमेल परत येतो. त्याच्या वतीने तुम्ही परवानगी देऊ शकत नाही. संमती मिळत नसेल तर तो भाग नव्याने लिहा. दुसऱ्या प्रकल्पातून घेतलेल्या जीपीएल कोडलाही हेच लागू. नोकरीत असताना लिहिलेला कोड असेल तर कंपनीचं ना-हरकत पत्र आधी घ्या, कृपा करून नंतर नको.

एसडीकेचा करारही पूर्ण वाचा. त्याची फाइल सार्वजनिक रिपॉझिटरीत ठेवायला अनेकदा मनाई असते. नुसती डिलीट करून भागत नाही, ती गिटच्या, म्हणजे कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात राहते.

बाकी सोपं आहे: लायसन्सचा पूर्ण मजकूर रिपॉझिटरीच्या मूळ फोल्डरमध्ये, प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एसपीडीएक्सची, म्हणजे लायसन्सचं नाव ठराविक पद्धतीने सांगणारी, ओळ.

सगळ्यात जास्त गैरसमज पुढे होतो. नकार आला की लोक लायसन्स बदलून पुन्हा अर्ज करतात. एफ-ड्रॉइड ॲपच्या लायसन्सबरोबर त्याच्या डिपेंडन्सीही, म्हणजे त्याला लागणाऱ्या लायब्ररीही, तपासतं. त्यात प्रोप्रायटरी लायब्ररी असेल तर एमआयटी लावूनही नकारच येतो. डेबियनमध्ये असं पॅकेज मेन या मुख्य, पूर्ण मुक्त विभागात जात नाही, फार तर मुक्त नसलेल्या गोष्टींवर अवलंबून असलेल्या पॅकेजांच्या कॉन्ट्रिब विभागात. एफ-ड्रॉइडसाठी एसडीके वगळून बांधलेला वेगळा बिल्ड फ्लेवर (त्याच कोडमधून बांधलेला ॲपचा दुसरा प्रकार) करा आणि अर्जापूर्वी तो कोऱ्या मशीनवर बांधून, ॲप उघडून बघा.